शेवटच्या बोयाला दिलेला सलाम

मित्रांनो, मी एक जुने लाकडी सुकाणू आहे. जुन्या वस्तूंना आपली थोरवी सांगायची फार हौस असते. मला नाही. माझ्या डाव्या अंगावर तळहाताएवढा एक नारिंगी डाग आहे आणि मला त्याची लाज वाटते. कित्येक महिने लोक त्या डागाचे कौतुक करत होते, म्हणून तर जास्तच वाटते. तो कसा पडला ते आज सांगूनच टाकते. ओल आत ठेवली की चांगले लाकूडही कुजते, हे मला माझ्या जातीवरून माहीत आहे.

माझा जन्म मलय मुलुखातल्या क्वाला तरेंगानू शहराच्या नदीतल्या दुयोंग बेटावर झाला. मला घडवणारे तोक जुसोह लाकडी होड्या बांधत. तोक म्हणजे आजोबा. नात्याचे असोत नसोत, सगळे बेट त्यांना तोकच म्हणे. त्यांनी आयुष्यात साठ जहाजे बांधली आणि एकाचाही नकाशा कागदावर काढला नाही. एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने फळीकडे पाहायचे आणि तासणीचा वाकस चालवायचा, एवढीच त्यांची विद्या. पुढे फायबरच्या बोटी आल्या आणि तोकच्या कारखान्यात कोळी जाळी विणू लागले. उरलेल्या मेरांती झाडाच्या एका तांबूस फळीतून त्यांनी मला तासले, ते आपल्या नातीसाठी. मी त्यांचे शेवटचे काम होते. हे मला ठाऊक होते आणि त्याचा मला भारी तोरा होता.

नातीचे नाव वान हिदाया. घरात दाया. वय वर्षे पंधरा, बोलणे कमी आणि हात मात्र शिडाच्या दोरीवर घट्ट. ती चालवायची ती होडी एकट्या मुलाने चालवायची असते. आंघोळीच्या टबाला शीड लावावे तशी ती दिसते, पण तिच्या शर्यती साऱ्या जगात होतात. सोळा वर्षे पुरी झाली की मात्र त्या होडीतून उतरावे लागते. त्या साली आजूबाजूच्या सगळ्या देशांचे खेळाडू जमून मोठे क्रीडासामने व्हायचे होते, आणि शिडाच्या शर्यती आमच्याच देशात, लंकावी बेटाजवळच्या समुद्रात ठरल्या होत्या. दायाला ही पहिली आणि शेवटची संधी होती.

आता आमच्या खोडीबद्दल सांगितले पाहिजे. आमच्या नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्याजवळ, माडाच्या खोडाचा एक खुंट रोवलेला आहे. समुद्रावरून परतणारा आमच्या घाटावरचा नावाडी त्या खुंटाला वळसा घालताना सुकाणूला जरासा झटका देई. होडीची मागची बाजू हलकेच फिरे आणि सुकाणू खुंटाला लागे. टक्. याला सलाम देणे म्हणत. अर्थ एवढाच, की आम्ही सुखरूप घरी आलो. तोकच्या वडिलांनी तो दिला, तोकनी दिला, आणि सहा वर्षांच्या दायाला मांडीवर घेऊन तोकनी तिलाही तो शिकवला. रोजचा सराव संपला की दाया सलाम देऊन मगच घाटाकडे वळे. मला ती टक् फार आवडे. दिवसभराचे श्रम त्या एका आवाजात निघून जात.

दायाचे प्रशिक्षक चिकगु हाझमान यांना मात्र ही खोड डोळ्यासमोर नको असे. चिकगु म्हणजे मास्तर, आणि ते नखशिखान्त मास्तर होते.

"दाया, मोड ही खोड! शर्यतीत वळणावरच्या तरंगत्या बोयाला लागलं तर काय करायचं?"

"तिथल्या तिथं एक गोल फेरी घ्यायची, चिकगु."

"पंचांनी बघितलं नसेल तर?"

"तरी घ्यायची."

"आणि नाही घेतली तर?"

"तर आपणहून शर्यतीतून बाहेर."

"हां! आपल्या खेळात शिट्टी वाजवायला कोणी मागं धावत नाही. ज्याचा बोया त्याला माहीत. कळलं?"

तोक तेव्हा दूर घाटाच्या पायरीवर बसून केरोपोक, म्हणजे मासळीच्या तळलेल्या वड्या, खात असत. इतक्या लांबून त्यांना मास्तरांचा नुसता आवाज ऐकू येई. "किती ओरडतो हा माणूस! वारा घाबरून पळेल," एवढेच ते म्हणत. शर्यतीचे नियम त्यांना कधी कळले नाहीत, आणि कळून घ्यावेत असे वाटलेही नाही. पुढे जाणारा जिंकतो, यापलीकडे काय असायचे!

सामन्यांच्या वेळी होड्या तिथूनच मिळणार होत्या. शीड आणि सुकाणू मात्र ज्याचे त्याने आणायचे होते. चिकगु मला न्यायला तयार नव्हते.

"तोक, मी बाहेरून मागवलंय. अगदी मापातलं. तुमचं हे लाकडी राहू द्या घरी."

"तुझ्या त्या बाहेरच्याला आपल्या दायाचा हात कळतो का?"

"मोजणीत नापास झालं म्हणजे?"

"चिकगु, माझी साठ जहाजं अजून कुठं ना कुठं तरंगतायत. हे वीतभर लाकूड नापास होतंय?"

लंकावीला मोजणीच्या साहेबांनी मला फूटपट्टीने मोजले, जाडी तपासली, आणि शेवटी पाण्याच्या टबात टाकले, कारण नियमाप्रमाणे सुकाणू तरंगावे लागते. मी तरंगले. मापात बसले तेही अगदी काठावर, केसभर इकडे तिकडे न होता. साहेबांनी मान हलवून विचारले, कोणत्या यंत्रावर केले? तोकनी एक डोळा मिटून दाखवला. सगळे हसले. इतर मुलींची काळीपांढरी सुकाणू पाहून मी मनात म्हटले, तुमच्यात आहे कोणी असे? मित्रांनो, गर्वाचे घर खाली म्हणतात, ते माझ्याबाबतीत चार दिवसांत खरे झाले.

सात देशांच्या सात मुली होत्या. पहिल्या दिवसापासून खरी चुरस दोघींतच लागली, दाया आणि थायलंडची पिम. पिम सोंगखलाची, उंच, हसरी. सीमेपलीकडची असल्याने तिला मोडकीतोडकी मलय येई. पहिल्या दिवशी दायाच्या शिडाची दोरी तुटली तेव्हा तिनेच आपल्या पेटीतली काढून दिली होती. "घे. तू शर्यतीत नसलीस तर माझी मजा काय?" असे म्हणाली होती. शेवटची शर्यत उरली तेव्हा दोघींचे गुण सारखे झाले. जी पुढे राहील तिचे सोने. जिची शर्यत बाद होईल तिचे मात्र पदकच जाईल, कारण मागे इंडोनेशियाच्या आणि सिंगापूरच्या मुली टपून बसल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी तोकनी मला मांडीवर घेऊन वार्निशाचा आणखी एक हात दिला. गरज नव्हती. पण त्यांना राहवत नव्हते आणि हाताला दुसरे काम नव्हते. दमट हवेत ते वार्निश सकाळपर्यंत पुरते वाळले नाही.

शर्यत सुरू झाली. दाया पहिल्या बोयापासून पुढे होती. तिचा हात माझ्या दांड्यावर होता आणि त्या हातात काय चालले आहे ते मला सगळे कळत होते. पिम मागून सावकाश जवळ येत होती. शेवटच्या बोयापाशी आलो तेव्हा दोघींत दीड होडीचे अंतर उरले होते. त्या बोयाला डावीकडे ठेवून वळसा घातला की समोर शेवटची रेघ, आणि पलीकडे किनाऱ्यावर झेंडा हलवणारे तोक.

दायाने वळसा अगदी सुरेख घेतला. बोया मागे सरकला. आणि तेवढ्यात तिच्या मनगटाने तो झटका दिला.

ठरवून दिला नाही. मी शपथेवर सांगते. नऊ वर्षे रोज संध्याकाळी, दमलेल्या अंगाने, घराकडे वळताना जो झटका दिला तोच तिच्या हाताने दिला. जित्याची खोड! होडीची मागची बाजू डावीकडे फिरली आणि मी त्या फुगीर नारिंगी बोयाला घासले. आवाज झाला नाही. रबरी बोया तो, टक् कुठली करणार! पण दायाच्या हाताला ते समजले.

गोल फेरीला दहा-बारा सेकंद पुरतात. तेवढ्यात पिम पुढे गेली असती आणि दायाला रुपे मिळाले असते. दायाने मागे पाहिले. पंचांची मोटारबोट लांब होती आणि मध्ये आमचेच शीड आडवे होते. तिच्या हाताने मला फेरीसाठी वळवायला सुरुवात केली. खरेच केली, बोटभर. मग तिने किनाऱ्याकडे पाहिले आणि मला पुन्हा सरळ धरले.

आणि मी काय केले? मी सरळ राहिले. लाकडाने काय करायचे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या क्षणी मलाही सोने हवे होते. तोकचे शेवटचे काम सोन्याचे व्हावे, असे मला वाटत होते. हीच माझी खरी लाज आहे.

आम्ही जिंकलो. झेंडे फडकले, राष्ट्रगीत झाले, चिकगुंनी तर दायाला कपड्यांसकट पाण्यात ढकलले. तोक मात्र गर्दी सोडून होडीपाशी आले. घरच्यासारखे गोड्या पाण्याने मला धुवायला त्यांनी कापड घेतले आणि डाग दिसला. उन्हाने त्या बोयाचा रंग पिठासारखा सुटत होता आणि माझे वार्निश ओलसर होते. तो रंग बसला तो बसलाच.

"दाया! ए दाया! तू इथं पण सलाम दिलास?" तोकचा चेहरा नुसता उजळला होता. "दर्यात सोनं जिंकतानासुद्धा घर विसरली नाही माझी पोर!"

दायाच्या गळ्यात पदक होते. तिने तोंड उघडले, पण चिकगु फोटोसाठी हाका मारत होते. "पुसून टाका ना तोक, घाण दिसतंय," एवढेच ती म्हणाली.

"पुसू? याच्यावरून मी आणखी एक हात वार्निश देणार आहे!"

आणि दिला.

यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. दुयोंगला मकचिक बेदाहचे कॉफीचे दुकान आहे. मकचिक म्हणजे मावशी. तोकनी मला तिथल्या भिंतीवर टांगले, डागाची बाजू पुढे करून. शेजारी दायाचा पदक घातलेला फोटो. येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट ऐकावी लागे.

"हा डाग बघितलास?"

"बघितला, तोक. काल पण बघितला, परवा पण," मकचिक बेदाह कॉफी ढवळत म्हणे. "तुमच्या गोष्टीपायी माझी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात चाललीत."

"अगं, सोन्याच्या शर्यतीत सलाम दिलाय! दुयोंगच्या बाहेर कुणाला जमेल?"

लोक उठून जवळ येत, डागावर बोट फिरवत, वा म्हणत. म्हातारे नावाडी तर डोळे पुसत. ज्या जागेची मला शरम, तीच जागा लोक चारचौघांत निरखत. मला भिंतीकडे तोंड फिरवावेसे वाटे. दाया त्या दुकानात यायची बंद झाली. मासळी आणायलासुद्धा ती मागच्या गल्लीने जाई. नवी मोठी होडी मिळाली होती, तीही तिने दोन महिने पाण्यात घातली नाही. तोक म्हणत, पोरगी दमली आहे. चिकगु राहायचे शहरात, दुकानात कधी येत नसत आणि डागाची गोष्ट त्यांच्या कानी गेली नव्हती; ते म्हणत, डोक्यात हवा गेली आहे.

मग ईद आली. आमच्याकडे ईदच्या सकाळी धाकट्यांनी थोरांपुढे बसून, त्यांचा हात कपाळाला लावून क्षमा मागायची रीत आहे. उघड घडलेल्याचीही आणि मनात ठेवलेल्याचीही, असे शब्द असतात. सगळेच ते दरवर्षी भराभर म्हणतात, कारण पलीकडे नारळाच्या दुधातला भात आणि माशाची आमटी वाट पाहत असते. त्या सकाळी मकचिक बेदाहने दुकान झाडायचे म्हणून मला तोकच्या घरी आणून ठेवले होते. मी दाराआड उभे होते.

दाया नव्या कपड्यांत तोकसमोर बसली. तिने त्यांचा हात कपाळाला लावला. "उघड घडलेल्याची माफी द्या, तोक," ती म्हणाली आणि थांबली.

"दिली, दिली. ऊठ, भात गार होतोय."

"मनात ठेवलेल्याची राहिलीय," दाया म्हणाली आणि रडू लागली. मग तिने सांगितले. बोयाला लागले की फेरी घ्यावी लागते, ती घेतली नाही, पिमचे सोने आपण आणले. आणि तुम्ही ज्याला सलाम म्हणता, त्याला तिथे चूक म्हणतात.

तोकनी बराच वेळ तिचा हात सोडला नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मी गावभर जे सांगत फिरलो..."

"हो."

"आणि तू ऐकत होतीस. एवढे महिने."

"तुम्ही इतके खूश होता, तोक."

"गाढवा," तोक म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी कुणाला उद्देशून वापरला ते मला आजही नक्की ठाऊक नाही. "साठ जहाजं बांधली मी. एकात जरी फळी तडकलेली निघाली तरी मालकाला बोलावून दाखवली. वरून रंग नाही फासला कधी. आणि इथं स्वतःच्या हातानं वार्निश दिलं."

ते उठले. ईदचा भात न खाताच त्यांनी टोपी घातली, मला काखेत मारले आणि मकचिक बेदाहच्या दुकानाकडे निघाले. दुकान बंद असले तरी ईदची भेट घ्यायला सगळे तिथेच जमले होते. तोक मधोमध उभे राहिले.

"हा डाग बघितला का?" त्यांनी विचारले.

"तोक, आज ईद आहे. आज तरी सोडा," मकचिक बेदाह म्हणाली आणि सगळे हसले.

"आजच ऐका. आजवर खोटं ऐकलंत." आणि त्यांनी सगळे सांगितले. दायाने कसे लपवले ते थोडक्यात, आपण न समजता कशी फुशारकी मारली ते सविस्तर. "ते सोनं आमचं नव्हे," असे म्हणून ते पुढे झाले आणि भिंतीवरचा फोटो त्यांनी काढला. कोणी हसले नाही. ज्यांनी माझ्या डागावर बोट फिरवले होते ते आपल्या बोटांकडे पाहू लागले. मकचिक बेदाहने नुसती एक खुर्ची तोकच्या मागे सरकवली. मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती, पण त्या रात्री प्रथमच मला हलकेही वाटले.

चिकगुंनी सामन्यांच्या समितीला पत्र लिहिले. उत्तर आले, की निकालाची मुदत केव्हाच संपली आहे, आता काही बदलता येत नाही. कागदावर दायाच पहिली राहिली. आजही आहे.

पुढच्या मोसमात आमच्या नदीमुखाशी शर्यती झाल्या आणि सोंगखलाहून पिम आली. दाया मला एका हातात आणि पदक दुसऱ्या हातात घेऊन तिच्याकडे गेली. पिम होडीत दोऱ्या आवळत होती. दायाने डाग तिच्यापुढे धरला.

पिमने तो पाहिला. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"लागलं ते. मी दीड होडी मागं होते, दाया. आंधळी नव्हते."

"मग ओरडली का नाहीस? तू तिथंच हरकत घ्यायचीस, सोनं तुझं होतं!"

"तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुझं सुकाणू जरासं वळलं. मला वाटलं, घेतेय फेरी. तुझ्यावर ओरडायला मला लाज वाटली." पिम दोरीकडे पाहत बोलत होती. "मग मी तुला फेरीला जागा द्यायला शीड सैल केलं, वेग कमी केला. तेवढ्यात तू पुढं निघून गेलीस, आणि तिथंच ओरडलं नाही तर मग हरकत घेता येत नाही."

दायाने पदक पुढे केले. मला वाटले, पिम नको म्हणेल. गोष्टींत तसेच असते. पण पिमने ते घेतले आणि खिशात घालून चेन लावली.

"माझी आई अजून विचारते, शेवटी शीड का सैल केलंस म्हणून," ती म्हणाली. "तिला दाखवते."

मित्रांनो, आता मी तोकच्या कारखान्यात एका खिळ्याला टांगलेले आहे. दाया लहान मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला माझ्यापुढे उभे करते आणि सगळे सांगते, ते बोटभर वळणेसुद्धा. नदीच्या खुंटाला मुले अजूनही सलाम देतात, पण शर्यतीतला बोया लागला की कोणी पाहत असो वा नसो, फेरी घेतात. खिळ्यावरून मला त्या फेऱ्या दिसत नाहीत. पण संध्याकाळी मुले आपणहून येऊन सांगतात, तेव्हा मला कळते.

तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने लाकूड असेल तर त्याची निगा राखा. ऊन-पावसात टाकू नका, वर्षाला एक हात वार्निश द्या. पण त्यावर डाग पडला असेल तर तो आधी नीट पाहा आणि कशाचा आहे ते विचारा. गेल्या महिन्यात तोकनी पॉलिश-कागद आणून मला घासायला घेतले होते. दाया म्हणाली, असू दे. तोकनी वरचे वार्निश तेवढे खरवडून काढले आणि डाग उघडा ठेवला. तो तसाच राहू द्या, एवढेच माझे मागणे आहे. ज्या मुलीने आमच्यावर विश्वास ठेवून आपले शीड सैल केले, तिला मला विसरायचे नाही.